लॉटचा दोष, नगाचा दोष

यूट्यूबवर एखादा व्हिडिओ चालला की चार-आठ दिवसांत त्याची वर्दळ आमच्या काउंटरवर दिसते. कधी वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं, कधी गेंड्याचे पंचवीस पैसे, कधी तारखेखाली 'एच' असलेला १९८५चा रुपया. मध्यंतरी 'खूण नसलेल्या' नाण्यांची लाट आली होती. तारखेखाली ठिपका नाही, तारा नाही, चौकट नाही. तेव्हा टाकसाळ चुकली आणि आपलं नशीब उघडलं, असा हिशोब. बाळकुमचा एक शेअर-रिक्षावाला अशी नाणी वेफर्सच्या पिशवीत भरून घेऊन आला. मी त्याला सांगितलं, "दादा, मुंबई टाकसाळीची खूण चौकट, हैदराबादची तारा, नोएडाची ठिपका, आणि कोलकाता खूणच करत नाही. तुमची पिशवी कोलकात्याची आहे." तो जरा वेळ पिशवीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मग सुट्ट्याला वापरू?" म्हटलं, वापरा. जाताना त्याने समोरच्या टपरीवर त्यातल्याच एका नाण्याने चहा घेतला.

'एच'वाल्यांनाही असंच परत पाठवावं लागतं. १९८५ साली सरकारने काही रुपये ब्रिटनमधून पाडून आणले होते; 'एच' ही बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीची खूण. चूक वगैरे काही नाही, सरकारी ऑर्डरचा माल आहे.

हे दुकान ठाण्यात, माजिवडा नाक्यापासून दोन मिनिटांवर. एका हाताला नाशिकचा हायवे, दुसऱ्या हाताला घोडबंदर रोड, डोक्यावर उड्डाणपूल, आणि गेली काही वर्षं मेट्रोच्या कामाची धूळ. मालक जुनी नाणी, नोटा, पोस्टाची तिकिटं घेतात-विकतात. मी विकत नाही, घेत नाही. मी बघते. कोणी 'एरर' म्हणून नाणं आणलं की मालक ते माझ्याकडे सरकवतात. माझ्याकडे दहापट भिंग, सराफाचा काटा, व्हर्निअर, एक लोहचुंबक आणि एक टेबललॅम्प. बस्स.

हे काम मला कसं जमतं असं लोक विचारतात, कारण मी नाणेशास्त्र शिकलेली नाही. माझी सगळी नोकरी वागळे इस्टेटमध्ये गेली, पत्र्याचे आणि पितळेचे छोटे पार्ट काढणाऱ्या एका प्रेसशॉपमध्ये, इन्स्पेक्शनला. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ची. आता तिथे काचेच्या इमारती आहेत. तेव्हा गल्लीत शिरलं की पॉवर प्रेसचा ठोका पायातून जाणवायचा. पितळी कॉन्टॅक्ट, वॉशर, ब्रॅकेट असा माल ट्रेमध्ये माझ्यासमोर यायचा आणि ऑपरेटर विचारायचा, "ताई, लॉट धरू का सोडू?"

त्या प्रश्नात सगळं आलं. पार्टवर ओरखडा, फुगवटा, वाकडी कड दिसली की नवी मुलगी तोच पार्ट उलटसुलट करून बघत बसते. मुरलेली इन्स्पेक्टर तो खाली ठेवते आणि त्याच्या आधीचा आणि नंतरचा पार्ट उचलते. तिघांवर तीच खूण असेल तर दोष डायमध्ये. टूलरूमला निरोप, प्रेस बंद. एकावरच असेल तर तो नग रिजेक्शनच्या डब्यात टाकायचा आणि काम पुढे चालू. पहिला लॉटचा दोष, दुसरा नगाचा.

नाण्यांच्या बाजारात याची किंमत उलटी होते, एवढाच काय तो फरक. आम्ही रिजेक्शनच्या डब्यात टाकायचो तो नग इथे मखमलीवर ठेवतात. आणि ठसा झिजल्यामुळे हजारो नाण्यांवर उतरलेली खूण, जिच्यासाठी आम्ही प्रेस थांबवायचो, तिला इथे कोणी विचारत नाही.

अडचण अशी की नाणं माझ्यासमोर एकटं येतं. आधीचं कुठे गेलं, नंतरचं कुठे गेलं, पत्ता नाही. एक कोल्हापूरच्या हुंडीत पडलं असेल, एक पाटण्याच्या गल्ल्यात. ट्रेच नाही. मग त्या एकट्या नगाकडूनच काढून घ्यावं लागतं की तुझ्या भावंडांवर पण हे आहे का रे?

सुरुवात रेघेपासून करते, कारण सर्वांत जास्त नाणी रेघेचीच येतात. गांधीजींच्या कपाळावर रेघ, सिंहाच्या मानेवर रेघ. पहिला प्रश्न, ती वर आलेली आहे की खाली गेलेली? लॅम्प आडवा धरला की सावली कुठल्या बाजूला पडते त्यावरून कळतं, आणि सरावाने नखालाही कळतं. ठशात जे खोल, ते मालावर उंच. ठशाला तडा गेला तर नाण्याचा धातू त्या तड्यात घुसतो आणि रेघ उभी राहते. खाली गेलेली रेघ म्हणजे खिसा, किल्ली, पानवाल्याचा अडकित्ता, काहीही. टाकसाळीशी तिचा संबंध नाही. या एका परीक्षेत पिशव्याच्या पिशव्या निकालात निघतात. उभी रेघ असली तरी बारीक तडा हा ठशाच्या म्हातारपणाचाच भाग आहे, त्याचे पैसे फारसे होत नाहीत. तडा कडेपर्यंत जाऊन ठशाचा तुकडाच उडाला असेल तर गोष्ट वेगळी. मग नाण्याच्या काठावर धातूचा एक गोळा बसतो, आणि पाठीमागे बरोबर त्याच जागी नक्षी फिकी पडते, कारण तिथला धातू समोरच्या खड्ड्यात ओढला गेला. समोर गोळा आणि मागे फिकेपणा, ही जोडी जुळली तरच मी मान हलवते. डाग देऊन चिकटवलेल्या गोळ्याला मागची बाजू सांभाळता येत नाही.

यानंतर येतो तो मोठा गोंधळ, दुहेरी अक्षरांचा. 'भारत' दोनदा उमटलाय, तारीख दोनदा उमटलीय. यावर मी सर्वांत जास्त बोलते आणि सर्वांत जास्त वाईटपणा घेते.

खरी दुहेरी नक्षी ठसा घडवतानाच येते. मूळ नमुन्यावरून कामाचे ठसे काढताना पूर्वी एकाहून जास्त वेळा दाब द्यावा लागे. दुसऱ्या वेळी किंचित फिरलं की ठशातच दोन प्रतिमा कोरल्या जातात. त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर त्या तशाच उतरतात, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. अशा अक्षराकडे भिंगातून पाहा: दोन्ही प्रतिमांना पूर्ण उंची असते, दोन्ही गोलसर भरलेल्या, टोकाला खाच पडून दोन टोकं वेगळी दिसतात, आणि अक्षर एकूण जाडजूड होतं.

लोक आणतात ते हे नसतं. लोक आणतात ते सैल डायचं काम. प्रेसमध्ये डायचा बोल्ट जरा ढिला झाला की ठोका बसल्यावर डाय सुटताना घसरते आणि नुकत्याच उठलेल्या अक्षराची एक बाजू चेपून नेते. तिथे चपटी, चकचकीत, बुटकी पायरी तयार होते. अक्षर जाड होत नाही. उलट असलेल्या जाडीतलाच एक तुकडा पायरीत जातो. बाजारात याला मशीन डबलिंग म्हणतात. वागळेमध्ये आम्ही 'डाय नाचतेय' म्हणायचो आणि फिटरला हाक मारायचो.

तिसरा प्रकार निव्वळ झिजेचा. १९९२पासून रुपया स्टेनलेस स्टीलचा झाला. त्याआधीचं तांबं-निकेल मऊ होतं, ठशाला सांभाळून घ्यायचं. स्टील कडक, ठशाला लवकर थकवतं. थकलेल्या ठशाची अक्षरं काठाकडे ओढल्यासारखी फिसकटतात, कडा पुसट होतात, सपाट भागावर मध्यापासून बाहेर जाणाऱ्या बारीक रेषा उठतात आणि तिथली चमक खरबरीत होते. अक्षरामागे सावली असल्याचा भास होतो. नव्वदच्या दशकातले रुपये आणि पन्नास पैसे घेऊन बसा, तासाभरात अशी ओंजळभर मिळतील. एवढी मिळतात, हाच पुरावा की ती एरर नाहीत. पण समोरच्या माणसाला वाटतं, मला अशी पाच सापडली, मी पाचपट श्रीमंत.

पुसट किंवा गायब आकड्यांचंही असंच. तेल, ग्रीस आणि धातूचा चुरा ठशाच्या खोलगटात जाऊन बसतो. मोदकाच्या साच्यात आधीच्या मोदकाची उकड अडकून राहिली की पुढच्याची कळी उमटत नाही, तसं. अशा नाण्यात आकडा गायब असतो पण तिथला पृष्ठभाग आजूबाजूसारखाच, तोच पोत, तीच चमक. कानशीने किंवा पॉलिश पेपरने आकडा घालवलेला असेल तर तिथे बशीसारखा उथळ खळगा आणि एकाच दिशेच्या रेघा दिसतात. मी कानस आयुष्यभर पाहिली आहे. कानशीचं काम मला भिंगाशिवाय कळतं.

चमकेवरून आठवलं. आणण्यापूर्वी नाणं घासू नका, हे दुकानाच्या दारावर लिहून लावायला मी मालकांना कधीपासून सांगते आहे. पितांबरी आमच्या ठाण्याचीच, तांब्या-पितळेच्या भांड्यांना उत्तम, माझ्याही घरी असते. पण चिंच, राख, पितांबरी लावून लखलखीत केलेल्या नाण्यावरचा टाकसाळीचा पोत निघून जातो, आणि माझं वाचायचं पानच कोरं होतं.

आता ज्यांची खरोखर किंमत होते अशा नगांच्या दोषांकडे येते. त्यात मला सर्वांत आवडते ती कापलेली कड. पत्र्याच्या पट्टीतून गोल चकत्या कापताना पट्टी पुढे सरकायला चुकली तर पंच आधीच्या भोकावर थोडा चढतो आणि चकतीचा एक चंद्रकोरीसारखा घास कमी पडतो. हे मी इतक्या वॉशरांवर पाहिलंय की नाण्यावर पहिल्यांदा दिसलं तेव्हा माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. अशा नाण्याची खरी परीक्षा घास जिथे आहे तिथे होतच नाही, बरोबर समोरच्या काठावर होते. चकती ठशाखाली जाण्याआधी तिला दोन पात्यांमध्ये फिरवून कड उचलतात. घासाची जागा एका पात्यासमोर आली की तिथे दाबायला काही नसतं, म्हणून समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही आणि तिथली कड पुसट राहते. कुठल्याशा गल्लीत बसून पत्रा-कात्रीने कड कापणाऱ्याला समोरची कड फिकी करायचं सुचत नाही. शिवाय खऱ्यात घासाजवळची अक्षरं मोकळ्या जागेकडे ओढली जातात, शेवटी निमुळती होतात. कापलेल्यात अक्षर अर्ध्यातच तुटतं.

मग 'लाखी'. ब्रिटिश आमदानीच्या रुपयांपासून आपल्या बाजारात हा शब्द आहे. इंग्रजी कॅटलॉगवाले ब्रॉकेज म्हणतात. पाडलेलं नाणं ठशालाच चिकटून राहतं आणि पुढची चकती ठशाऐवजी त्या नाण्यावर आपटते. परिणामी एका बाजूला राजाचं मुंडकं उंच, दुसऱ्या बाजूला तेच मुंडकं खोल आणि आरशातलं. लाखी घरात असली की बरकत, अशी समजूत आहे, त्यामुळे बनावटही भरपूर. सोपा उद्योग आहे: दोन नाणी समोरासमोर ठेवायची, व्हाइसमध्ये आवळायची किंवा हायड्रॉलिक प्रेसखाली दाबायची. पण नाण्यावर आधीच नक्षी असते, ती कुठे जाणार? खोल प्रतिमेच्या खाली जुन्या नक्षीचे अवशेष दिसतात, आणि पाठची बाजू व्हाइसच्या जबड्याने सपाट झालेली असते. खऱ्या लाखीची पाठ कुरकुरीत, भरदार असते, कारण तिथे ठशाने आपलं काम चोख केलेलं असतं.

दोन्ही बाजूंना छापा असलेलं नाणं आणलं की मी आधी ते काचेवर वाजवते. एक नाणं लेथवर आतून कोरून त्यात दुसरं तासून बसवतात. आवाज बद्द येतो, आणि सपाट भाग जिथे काठाला मिळतो तिथे भिंगाखाली एक गोल सांधा दिसतो. लेथचं काम कधीकधी इतकं सुंदर असतं की कारागिराला नोकरी द्यावीशी वाटते. २०११च्या नाणेकायद्याने नाणं वितळवणं, नष्ट करणं गुन्हा आहे, हे त्या कारागिराला कोणी सांगितलेलं नसतं.

दहा रुपयांच्या दोन धातूंच्या नाण्याबद्दल एक युक्ती मालकांना मी शिकवली, त्याचा मला अजून अभिमान आहे. मधली चकती कड्याच्या तुलनेत फिरलेली, म्हणून 'एरर', असं नाणं नेहमी येतं. पण मधली चकती आणि कडं ही दोन्ही कोरी असताना एकत्र ठशाखाली जातात. एकाच ठोक्यात जुळतात आणि त्याच ठोक्यात नक्षीही उमटते. एका बाजूवर एकच ठसा पडतो. तेव्हा त्या बाजूची मधली नक्षी कड्यावरच्या अक्षरांच्या मानाने तिरकी असूच शकत नाही. दिसली तर कोणीतरी मधला भाग ठोकून काढलाय आणि परत बसवलाय. इथे भिंगाचीही गरज नाही, नाणं कुठल्या क्रमाने घडतं एवढं डोक्यात असलं की झालं.

माझ्या कामाचं सूत्र विचाराल तर हेच. पट्टी, चकती, भट्टी, कड, ठसा, आणि मग बाहेरचं जग. समोरची खूण यातल्या कुठल्या पायरीवर होऊ शकते ते दाखवता आलं पाहिजे. नाही दाखवता आलं तर ती बाहेरच्या जगाची. आणि बाहेरचं जग नाण्यांशी काय काय करतं! रुळावर ठेवून चपटी केलेली येतात; १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून आमच्या ठाण्यालाच आली होती, तेव्हा हा खेळ इथे किती जुना असेल कोण जाणे. खाडीत टाकलेली, क्षाराने तांबूस झालेली येतात आणि 'तांब्याचा रुपया' म्हणून पुढे केली जातात. कुंकवाने रंगलेली, ताइतासाठी भोक पाडून पुन्हा बुजवलेली, निखाऱ्यात पडून फोड आलेली, सगळी येतात.

काटा मात्र कधीकधी चकवतो. जुना स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅम, २५ मिलीमीटर. २०११च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणंही ४.८५ ग्रॅम, २५ मिलीमीटर. 'रुपयाच्या चकतीवर दोन रुपये छापलेत' असं ठासून सांगणारा कॉलेजचा मुलगा काट्याचा फोटो दाखवतो, आणि त्याचा काटा अगदी बरोबर असतो. लोहचुंबकाचंही तसंच. स्टीलचा रुपया चिकटतो, तांबं-निकेलचा चिकटत नाही. पण १९५०चा शुद्ध निकेलचा रुपयाही चिकटतो, म्हणून तो बनावट ठरत नाही.

शिवराई घेऊन कोणी आलं आणि 'ऑफ सेंटर' म्हणालं की मालक हसू दाबतात. ती हाताने, हातोड्याने पाडलेली. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपती' पूर्ण मावलेली शिवराईच दुर्मीळ, तिलाच जास्त भाव. नाशिक रस्त्याने अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेत मी एकदा मालकांबरोबर गेले होते, तेव्हापासून मला वाटतं की यंत्राच्या नाण्यांवर डोळा बसलेल्यांनी आधी काही दिवस हातठोक्याची नाणी बघावीत. तिथे प्रत्येक नग वेगळा, लॉट नावाची गोष्टच नाही, आणि माझा सगळा अनुभव गुंडाळून ठेवावा लागतो. एरर नसलेला तसाच १९११चा पंचम जॉर्जचा रुपया. राजाच्या अंगावरच्या हारातला हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली, नाणी मागे घेतली गेली, १९१२ला सोंड नीट कोरली. संग्राहकांना तो हवाच असतो. पण टाकसाळीने तो बिनचूक पाडला होता. चुकला होता चित्रकार.

खरं नाणं कधी येतच नाही का? येतं, आणि बहुधा ज्याला काही नको असतं त्याच्या हातून येतं. कोलशेतच्या एका बचत गटाच्या खजिनदार बाई महिन्याच्या वर्गणीतलं दोन रुपयांचं नाणं घेऊन आल्या. त्यांचा प्रश्न साधा होता: "ताई, हे बँकेत घेतील ना?" नाणं एका बाजूला सरकून पाडलेलं. कोरा चंद्रकोरी भाग गुळगुळीत, पाठीमागेही त्याच जागी तितकाच कोरा. धातू कॉलरच्या, म्हणजे ठोक्याच्या वेळी चकतीला घेरणाऱ्या कड्याच्या, बाहेर पसरल्यामुळे एका दिशेने व्यास वाढलेला. वजन तंतोतंत, साल पूर्ण वाचता येणारं. मी त्यांना म्हटलं, बँकेत देऊ नका. मालकांनी किंमत सांगितली तशी बाई गप्प झाल्या, मग म्हणाल्या, पावती लागेल, नाणं गटाचं आहे, माझं नाही. पावती घेतली, वहीत तिथल्या तिथे नोंद केली, आणि मीटिंगला उशीर होतोय म्हणत निघाल्या.

याच्या उलट अनुभव जास्त. एक तरुण मुलगा आला तो आधीच ऑनलाइन 'नोंदणी फी' भरून आला होता. वैष्णोदेवीचं २०१२चं नाणं, कोणीतरी लाखो देतो म्हणालं, आधी फी, मग टॅक्स. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ला निवेदन काढून सांगितलं होतं की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी आम्ही कुणाकडून फी किंवा कमिशन घेत नाही आणि तसा अधिकार कुणाला दिलेला नाही. ते निवेदन मालकांनी छापून काउंटरच्या काचेखाली ठेवलं आहे. त्याच्या शेजारी १७ जानेवारी २०१८चं, दहा रुपयांची चौदाही प्रकारची नाणी चालतात हे सांगणारं. मुलाने पहिलं निवेदन वाचलं, दुसरंही वाचलं, आणि विचारलं, "काकू, मग याचे पाच तरी येतील ना?" येतात. पाच रुपये कायम येतात.

नाही म्हणण्यात माझा बहुतेक दिवस जातो. मालक कधी कुरकुरतात, कारण मशीन डबलिंगला 'डबल डाय', म्हणजे खरी दुहेरी नक्षी, म्हणून विकणारे खूप आहेत आणि गिऱ्हाईकही आनंदाने घेतं. आमच्यात तोडगा असा निघाला की पाकिटावर मी काय लिहायचं ते मी ठरवणार आणि किंमत काय लावायची ते मालक. मी 'मशीन डबलिंग, एरर नाही' लिहिते, ते वीस रुपयांच्या ट्रेमध्ये ठेवतात. मला वाटलं होतं, ट्रे धूळ खात पडेल.

तो ट्रे रिकामा करतो डोंबिवलीचा एक मुलगा. इंजिनिअरिंगला आहे, दर महिन्याला येतो, आणि एररच्या मखमलीकडे ढुंकूनही बघत नाही. त्याला झीज हवी असते. एकाच ठशाची, एकाच तड्याची नाणी तो गोळा करतो आणि तडा कसा वाढत गेला त्या क्रमाने अल्बममध्ये लावतो. आधी तडा नाही, मग केसाएवढा, मग अक्षरातून आरपार, मग काठापर्यंत. म्हणजे जो ट्रे मला कधीच मिळत नाही तो हा पोरगा देशभरातून वेचून परत मांडतो आहे. त्याच्यासाठी मी आता स्टीलचे रुपये बाजूला काढून ठेवते.

मागच्या खेपेस त्याने एक रांग माझ्यासमोर लावली आणि म्हणाला, यात एक नाणं बसत नाही. तडा लहान, म्हणजे सुरुवातीचं असायला हवं. पण अक्षरं इतरांपेक्षा जास्त फिसकटलेली, म्हणजे शेवटचं. तडा वाढतो, कधी भरून येत नाही. मी ते नाणं आणि त्याच्या शेजारचं भिंगाखाली धरलं. तडा जवळजवळ त्याच जागी होता, पण एकात तो 'भ'च्या उभ्या रेघेला डावीकडून शिवत होता आणि दुसऱ्यात उजवीकडून.

"दोन ठसे आहेत," मी म्हटलं. "एकाच जागी कमकुवत असलेले. तुझी रांग एक नाही, दोन आहेत."

त्याने सगळी नाणी अल्बममधून काढली, काउंटरवर पसरली आणि मालकांना विचारलं, दुकान किती वाजता बंद करता?